त्याची बहीण

निर्गमाच्या दुसऱ्या अध्यायात ती नदीकाठी उभी आहे आणि तिला नाव नाही. इब्री लोकांना होणारा प्रत्येक मुलगा नदीत टाकावा, असा फारोचा हुकूम सुटलेला आहे. एका बाईने आपले बाळ तीन महिने लपवले. पुढे त्याचा आवाज लपेना. मग तिने लव्हाळ्याची एक पेटी केली, तिला राळ आणि डांबर फासले, बाळाला आत निजवले आणि नाईलच्या काठच्या लव्हाळ्यात ती पेटी ठेवून दिली. आईचे काय झाले ते तिथे लिहिलेले नाही. तिला बघवले नसेल, घरी परतली असेल. मुलगी मात्र गेली नाही. बाळाचे पुढे काय होते ते पाहायला त्याची बहीण लांब उभी राहिली, एवढेच तिथे सांगितले आहे.

फारोची मुलगी आंघोळीला येते, दासीकरवी पेटी आणवते, उघडते तर बाळ रडते आहे. तिला दया येते. नेमक्या त्या क्षणी ही मुलगी पुढे होते आणि विचारते, याला पाजायला इब्री बायकांतली एखादी दाई बोलावू का? राजकन्या हो म्हणते. मुलगी पळत जाते आणि बाळाच्या सख्ख्या आईलाच घेऊन येते. राजकन्या त्या आईला मजुरी ठरवून देते, स्वतःच्याच बाळाला पाजण्याची. इतकी अक्कल आणि इतके धैर्य एका पोरीच्या अंगी असलेले मी दुसऱ्या कुठल्या गोष्टीत वाचलेले नाही. तिचे वय दिलेले नाही. मी ते आठ-नऊ धरते, कारण त्या वयाच्या मुलींना धाकट्या भावंडांवर एक डोळा ठेवून दुसऱ्या डोळ्याने जग पाहता येते.

नाव तिला तेरा अध्यायांनंतर मिळते. समुद्र दुभंगतो, गुलाम पलीकडे पोचतात, पाठलाग करणारे रथ बुडतात, आणि एक बाई हातात डफ घेऊन नाचत पुढे होते. बाकीच्या बायका डफ वाजवत तिच्यामागे निघतात. ती मिर्याम. संदेष्टी आणि अहरोनाची बहीण. नाव सांगितले तेव्हाही सोबत भाऊ आलाच. पेटीतले बाळ म्हणजे मोशे, अहरोन त्याचा भाऊ. नदीकाठची ती पोर हीच, असे परंपरा मानते आणि मलाही तसेच मानायचे आहे.

हे नाव मी आयुष्यभर ऐकत आले. विरारला वाढलेल्या कुणालाही ते परके नाही. आमच्या शाळेत एकाच वर्गात मेरी होती, मारिया होती, रोझमेरी होती आणि सोपाऱ्याहून येणारी मरियमही होती. आगाशीच्या रस्त्यावर भाजीच्या पाट्या घेऊन बसणाऱ्या बायकांत, पहाटेच्या चर्चगेट लोकलमध्ये फुलांचे भारे चढवणाऱ्यांत, बँकेतल्या काउंटरमागे, दवाखान्यातल्या नर्सच्या छातीवरच्या पट्टीवर, सगळीकडे हे नाव. मराठी बायबलात ते दोन तऱ्हांनी छापलेले आहे. जुन्या करारात मिर्याम, नव्या करारात मरीया. मूळ हिब्रू व्यंजने चारच: म, र, य, म. ग्रीकांनी त्याचे मरियम केले, लॅटिनने मारिया, अरबीने मर्यम. येशूच्या आईचे नाव ते या डफवालीचेच. त्या काळच्या थडग्यांवर आणि करारपत्रांवर यहुदी बायकांची जी नावे सापडली, त्यांत मरियम आणि शलोमी ही दोन नावे सर्वांत जास्त वेळा येतात. शुभवर्तमानात म्हणूनच इतक्या मरिया आहेत आणि त्यांना गावावरून, मुलावरून, नवऱ्यावरून वेगळे ओळखावे लागते: मग्दालाची मरिया, बेथानीची मरिया, क्लोपाची मरिया. आमच्या वाड्यांतही तेच चालते. मेरी एकटी पुरत नाही. विहिरीवरची मेरी, पोस्टमनची मेरी, चाफ्याच्या वाडीतली मेरी असे म्हणावे लागते.

आमच्या किनाऱ्यावर हे नाव वेगवेगळ्या गलबतांतून उतरले. सोपारा म्हणजे आपले नालासोपारा. शलमोन राजाची जहाजे जिथून सोने नेत ते ओफिर बंदर म्हणजे सोपाराच, असा एक जुना तर्क आहे. तर्क सिद्ध झालेला नाही, पण सोपारा फार जुने बंदर आहे यात शंका नाही. अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा तिथे सापडला आणि १८८२मध्ये भगवानलाल इंद्रजींनी तिथला स्तूप उकरला. अरब व्यापारी या बंदरांना राबता ठेवून होते. त्यांच्याबरोबर मर्यम आली. कुराणात नावानिशी उल्लेख झालेली ती एकटीच स्त्री, आणि एका संपूर्ण अध्यायाला तिचे नाव. मग १५३४मध्ये वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि मारिया आली. तिच्या नावाने एवढी चर्चे उभी राहिली, की वसईच्या नकाशावर तिचे गुण गावे होऊन बसले. रमेदी हे गाव म्हणजे आजार-संकटांवर उपाय करणाऱ्या मातेचे चर्च. पोर्तुगीज 'रेमेदिओस' शब्द वसईकरांच्या तोंडी घासून रमेदी झाला. पापडीला कृपामाता. १९९८मध्ये वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला तेव्हा पापडीचे हेच चर्च त्याचे कॅथेड्रल ठरले.

आणखी एक गलबत होते. ते दक्षिणेला, अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर फुटले. बेने इस्रायल समाज पिढ्यानपिढ्या सांगत आला की त्यातून सात पुरुष आणि सात बायका वाचल्या आणि बुडालेल्यांना त्यांनी नवगावलाच पुरले. आज तिथे स्मारक आहे. वाचलेल्यांनी तेलाच्या घाण्या चालवल्या. शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून कोकणाने त्यांना शनिवार तेली म्हटले. त्यांच्या पोथ्या गेल्या होत्या, भाषा गेली. 'शमा' ही एक प्रार्थना तेवढी ओठांवर टिकली. पुरुषांची नावे मराठी वळणाची झाली, मूळ नाव आत राहिले. मुंबईतले पहिले सिनेगॉग १७९६मध्ये ज्यांनी बांधले ते शमुवेल यहेज्केल दिवेकर गावात सामाजी हासाजी होते. त्या सात बायकांची नावे मात्र कुणालाही ठाऊक नाहीत. सात संसार ज्यांनी उभे केले, ज्यांच्यामुळे शनिवारी घाणा थांबला आणि बाळाच्या कानावर 'शमा' पडत राहिली, त्या सातजणींतली एखादी मिर्याम असेलच असे मला वाटते. त्या काळच्या यहुदी बायकांत हे नाव किती चालत होते ते पाहता ही आशा भाबडी नाही.

या नावाचा अर्थ विचारायला लोक माझ्याकडे येतात. मी शाळेत भाषा शिकवत होते, त्यामुळे आमच्या गल्लीत बारशाच्या आधी माझ्या दारावरची घंटा वाजते. बाप्तिस्म्याच्या आधीही. मिर्यामचा अर्थ एका ओळीत सांगता येत नाही, आणि मला ते आवडते. एक जुनी समजूत अशी की त्यात 'मर' आहे, म्हणजे कडू. ती जन्मली तेव्हा मिसरात गुलामीने लोकांचे जगणे कडू झाले होते, म्हणून आईबापांनी हे नाव ठेवले, असे यहुदी धर्मपंडित सांगत. याच 'मर'चे भावंड हिब्रूत 'मोर' आहे आणि मोर म्हणजे आपला हिराबोळ. येशूच्या जन्माला पूर्वेकडच्या ज्ञानी लोकांनी सोने, ऊद आणि बोळ आणला तोच. आपल्याकडे तो काष्ठौषधींच्या दुकानात मिळतो. तांबूस तपकिरी खडा, वरून धुळकट, फोडला तर आतून चकचकीत. तो उगाळून बाळंतिणीला देतात. माझ्या दोन्ही बाळंतपणांत माझ्या सासूबाईंनी सहाणेवर तो उगाळला होता. बोट लावून जिभेवर ठेवला की कानशिलापर्यंत कडू जाई आणि त्यामागून एक उबदार वास येई, देवळाच्या गाभाऱ्यातला. बाळंतिणीला कडू कशाला, असे मी विचारले तर त्या म्हणाल्या, अंगातले सगळे बाहेर पडायला. मिर्यामच्या नावातला कडूपणा मला तेव्हापासून असाच कळतो. रब्बी तर असेही म्हणतात की फारोचा हुकूम न मानता मुलगे जगवणाऱ्या दोन सुइणींतली पुआ ही मिर्यामच. पुआ म्हणजे तान्ह्या बाळाशी गोड आवाज काढून त्याला शांत करणारी. सुईण आणि हिराबोळ एकाच नावात सापडावेत याचा मला मनापासून आनंद झाला.

दुसरा अर्थ मिसरी. मोशे हे नाव मिसरी असावे असे आता बहुतेक अभ्यासक धरतात. मग बहिणीचेही का नसावे? मिसरी भाषेत 'मरी' म्हणजे लाडकी. गुलामांच्या घरात मालकांच्या भाषेतले लाडाचे नाव ठेवले गेले असेल. वसईला तरी हे पटायला जड जाऊ नये. इथली घरेच्या घरे चारशे वर्षे पोर्तुगीज नावे लावून सामवेदी बोली बोलत आली आहेत आणि आडनाव डाबरे, डिसोजा, लोपीस काहीही असो, मोगरा ओवताना जी गाणी म्हटली जातात ती या मातीतली आहेत.

तिसरा अर्थ समुद्राचा. हिब्रूत 'याम' म्हणजे समुद्र. संत जेरोमने, म्हणजे बायबल लॅटिनमध्ये आणणाऱ्याने, या नावाचा अर्थ समुद्राचा थेंब असा दिला होता. लॅटिनमध्ये थेंब म्हणजे 'स्तिल्ला' आणि तारा म्हणजे 'स्तेल्ला'. नकलकारांच्या हातून अक्षर बदलले आणि थेंबाचा तारा झाला, असे मानले जाते. मग मारिया सगळ्या दर्यावर्दींची सागरतारा झाली. खाडीपलीकडे उत्तनचे जुने चर्च समुद्राच्या मातेच्या नावे आहे. वांद्र्याची माउंट मेरी कोळ्यांच्या तोंडी मोतमावली. तिची मूर्ती समुद्रात गेली होती आणि एका कोळ्याला स्वप्नात दिसून मग दर्यात सापडली, असे कोळी सांगतात. ८ सप्टेंबरला मारियेचा जन्मदिवस आणि पुढचा आठवडा वांद्र्याची जत्रा. त्या आठवड्यात विरारहून सुटणाऱ्या गाड्यांत मेणबत्त्यांची पुडकी असतात, आणि ती सगळीच ख्रिस्त्यांच्या हातांत असतात असे नाही. कपाळावर कुंकू असलेल्या बायकाही मेणाचे छोटे घर, मेणाचे बाळ घेऊन नवस फेडायला जातात. मावली म्हटल्यावर ती कुणाची हे विचारायचे कारण उरत नाही.

मला स्वतःला तारा नको, थेंबच हवा. अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर उभे राहिले की समोर किल्ला दिसतो. समुद्राने वेढलेल्या त्या बेटावर, किल्ल्याच्या आत एक अष्टकोनी तळे आहे. भोवताली जिकडे पाहावे तिकडे खारट, आणि मध्ये पावसाचे साठवलेले पाणी. मिर्यामबद्दलची यहुदी लोकांची सगळ्यांत सुंदर कथा याच पाण्याची आहे.

रानातल्या चाळीस वर्षांत लोकांना तीन देणग्या मिळाल्या, असे तालमूद सांगते. मोशेमुळे मान्ना म्हणजे आभाळातून पडणारे अन्न, अहरोनामुळे सावली धरणारा ढग आणि मिर्याममुळे विहीर. ही विहीर त्यांच्याबरोबर चालत असे. तळ पडला की विहीर थांबे, तळ उठला की निघे. कथेला आधार दोन ओळींचा आहे. गणनाच्या विसाव्या अध्यायात मिर्याम कादेशला मरण पावते, तिला तिथे पुरतात, आणि लगेच पुढच्या वाक्यात लोकांना प्यायला पाणी नसते. मध्ये शोक नाही, सुतक नाही. अहरोन गेला तेव्हा लोकांनी तीस दिवस शोक केला. मोशे गेला तेव्हाही तीस दिवस. मिर्याम गेली तेव्हा विहीर आटली, आणि ती आटल्यावरच लोकांना समजले की इतकी वर्षे पाणी कुणामुळे मिळत होते. १९८०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या काही यहुदी बायकांनी वल्हांडणाच्या जेवणात मिर्यामचा प्याला ठेवायला सुरुवात केली. त्या जेवणातला एलिया संदेष्ट्याचा प्याला द्राक्षारसाचा असतो. तिचा साध्या पाण्याचा.

नंदाखालला माझ्या मैत्रिणीच्या आजीची वाडी होती. आजीचे नाव मारिया, पण त्या नावाने तिला हाक मारणारे कुणी उरले नव्हते. ती सगळ्यांची मोठी बाय. लाल लुगडे, कमरेला कोयता. वाडीत केळी, पानवेली, सोनचाफ्याची दोन झाडे आणि मधोमध काळ्या दगडाची विहीर. विहिरीवर रहाट होता. बैल विकून झाले होते, मोटर बसली होती, तरी रहाट काढलेला नव्हता. लाकडी चाकाचे दात गुळगुळीत झाले होते आणि माळेतल्या डब्यांत पावसाचे पाणी साचून त्यात डासांची पिल्ले वळवळत. मोठी बाय दर दोन दिवसांनी ते डबे उलटे करी. आम्ही पोरी काठावर पालथ्या पडून खाली बघत असू. पाणी एवढे जवळ की ओंजळ बुडेल. विहिरीपलीकडे बावखल. वसईतल्या लोकांना बावखल म्हणजे काय ते सांगावे लागत नाही, इतरांसाठी सांगते: वाडीच्या सखल बाजूला खणलेले छोटे तळे, पावसाळ्यात तुडुंब भरते आणि वर्षभर जिरत जिरत आजूबाजूच्या विहिरींना पाणी देत राहते. उन्हाळ्यात त्याचा गाळ काढून केळींना घालायचा. कुणा इंजिनिअरने आखलेली ही सोय नाही. पिढ्यानपिढ्या वाडीत राबणाऱ्यांनी ती जपली.

आमच्या जमिनीखाली गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगते. पाऊस जिरतो तो वाळूत साठतो आणि खालचे समुद्राचे पाणी खाली दाबून धरतो. वरचे उपसत गेले की खालचे वर चढते. १९८०च्या दशकाच्या अखेरीस शहर आमच्याकडे सरकले, इमारती उठल्या, नळ नव्हते, म्हणून गावांच्या विहिरींतून टँकर भरू लागले. रात्रंदिवस. त्या वेळी हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली, फादर फ्रान्सिस दिब्रिटो तिचे पुढारी. नंदाखालचेच ते. 'सुवार्ता'चे संपादक, पुढे संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणणारे, २०२०मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. लोकांना हे सगळे आठवते. मला त्या मोर्चांतल्या बायका आठवतात. लाल लुगड्यांची ती रांग, पुढे म्हाताऱ्या, कडेवर नातवंडे. त्यांची नावे कुठल्या अध्यक्षीय भाषणात नाहीत, पण टँकरपुढे आडव्या झाल्या त्या त्याच.

मोठ्या बायच्या विहिरीचे पाणी बिघडल्याचे पहिल्यांदा चुलीवर कळले. तुरीची डाळ शिजेना. तासभर उकळली तरी दाणा दाताखाली कचकच. मग चहा नासू लागला. दूध घातले की कडेने फुटायचे. मग पानवेलींची पाने कडेला करपली. मोठी बाय रोज सकाळी ओंजळभर पाणी तोंडात घेई, घोळवी आणि थुंकी. "आज कालच्यापेक्षा मचूळ आहे," एवढेच म्हणे. समुद्र ओलांडून डफ वाजवून झाल्यावर मिर्याम आणि तिची माणसे तीन दिवस कोरड्या रानात चालली आणि ज्या पाण्याशी पोचली ते कडू निघाले. त्या जागेचे नाव मारा. तिथे मोशेने एक झाड पाण्यात टाकले आणि पाणी गोड झाले. आमच्याकडे सूर्या धरणाचे पाणी नळाने आले. ते गोड आहे आणि त्याबद्दल मी कृतज्ञ आहे. पण त्या वाडीतले बावखल भरावाने बुजले. त्यावर आता चारचाकी उभ्या राहतात.

मिर्यामबद्दल एक गोष्ट पुष्कळांना खटकते. तिने मोशेच्या बायकोवरून त्याच्याविरुद्ध बोलणे केले, अहरोननेही केले, पण कोड फुटले ते एकट्या तिच्या अंगावर. सात दिवस तिला तळाबाहेर काढले. अन्यायच आहे हा, मला त्यावर दुसरे काही सांगता येत नाही. त्यानंतरचे वाक्य मात्र माझ्या मनातून जात नाही: मिर्यामला परत आत घेईपर्यंत लोक पुढे निघाले नाहीत. लाखांचा तळ, तान्ही पोरे, गुरेढोरे, डोक्यावर रानातले ऊन, आणि सगळे एका बाईसाठी सात दिवस खोळंबले. का? मिश्ना या यहुदी ग्रंथात त्याचे उत्तर दिले आहे. ती नदीकाठी भावासाठी घटकाभर थांबली होती, म्हणून सगळे राष्ट्र तिच्यासाठी सात दिवस थांबले. तिचे उपकार कुणीतरी लक्षात ठेवले होते, आणि फेडले.

बेने इस्रायल घरात जन्मलेल्या एका मिर्यामची गोष्ट मला इथे सांगायची आहे. मिर्याम जेकब मेंद्रेकर. गांधीविचारांचे टी. के. महादेवन यांच्याशी लग्न झाल्यावर ती मीरा महादेवन झाली. हिंदीत 'अपना घर' ही कादंबरी तिने लिहिली, आपल्याच समाजाची, भारत आणि इस्रायल यांच्यात ओढाताण झालेल्या घराची. इंग्रजीत त्या कादंबरीचे नाव 'शूलामिथ', ते पुन्हा हिब्रू मुलीचेच. १९६९ गांधी जन्मशताब्दीचे वर्ष. दिल्लीत राजघाटाजवळ प्रदर्शनासाठी बांधकाम चालले होते. मीराबाईंनी तिथे मजुरांची तान्ही मुले धुळीत पडलेली पाहिली, आया डोक्यावर घमेली घेऊन वर-खाली जात होत्या. त्यांनी तिथेच एक तंबू ठोकून पाळणे ठेवले. त्यातून मोबाइल क्रेशेस ही संस्था झाली. १९७२मध्ये मुंबईतही काम सुरू झाले. काम जिथे जाईल तिथे पाळणाघर जाणार, बांधकाम संपले की पुढच्या जागी. मिर्यामच्या विहिरीचा हाच रिवाज होता.

विरारला गेली तीस वर्षे बांधकाम थांबलेले नाही. मिठागरांच्या कडेला, डोंगरपाड्याच्या अंगाला, खाजणाच्या काठावर क्रेन उभ्या आहेत. मी संध्याकाळी ज्या रस्त्याने चालते त्याच्या बाजूला सध्या सात-आठ मजल्यांचा सांगाडा वर चढतो आहे. पत्र्याच्या कुंपणाला एक फट आहे. आत दोन खांबांना जुनी साडी बांधून झोळी केलेली, झोळीत बाळ, आणि झोळीची दोरी पायाच्या अंगठ्यात अडकवून बसलेली एक मुलगी. हात मोकळे हवेत म्हणून दोरी अंगठ्यात. हातांनी ती सिमेंटच्या रिकाम्या गोणीतून धागे ओढून काढत होती आणि त्यांची वेणी घालत होती. पाय आपोआप हलत होता, झोळी येत होती जात होती. वरून वाळूची पाटी रिकामी झाली की ती दोन्ही हातांनी झोळीचे तोंड झाकून घेई, धूळ बसेपर्यंत थांबे आणि पुन्हा वेणी हातात घेई. माझ्याकडे तिने पाहिले, पण ते पाहणे मी बाळापासून किती लांब आहे हे मोजण्यापुरते होते.

मी नाव विचारले. "तायडी."

"घरात म्हणतात ते नको, तुझं नाव."

तिने खांद्यावरून मागे बघितले. घमेले उतरवून तिची आई पाणी प्यायला खाली आली होती. परभणीकडची. तिनेच सांगितले, "तायडीच म्हणतात हिला. हा झाल्यापास्नं."

बांधकाम मजुरांसाठी १९९६मध्ये कायदा झाला. पन्नासांहून जास्त बायका कामाला असतील तिथे सहा वर्षांखालच्या मुलांसाठी पाळणाघर हवे, असे त्यात लिहिले होते. त्या सांगाड्यावर बायका दहा-बारा. पलीकडच्या सांगाड्यावर आठ-दहा. एकेका कुंपणाच्या आत पन्नास कधी भरत नाहीत, आणि अख्ख्या रस्त्याची बेरीज कुणी धरत नाही. ती धरली पाहिजे. गावभरच्या कामांवर मिळून एक फिरते पाळणाघर चालवणे महानगरपालिकेला, बिल्डरांना, आपल्याला, कुणालाच अशक्य नाही; दिल्लीत ते एका तंबूने सुरू झाले होते.

मी तिच्या आईला जिल्हा परिषदेच्या शाळेचा रस्ता सांगितला. दहा मिनिटांवर आहे, कागद नसले तरी दाखल करून घ्यायला हवे, दुपारी खिचडी मिळते, पाहिजे तर मी बरोबर येते, असे सगळे सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले. तिला शाळा नको होती असे मुळीच नाही. तिने वेळ विचारली, लांब किती ते विचारले, रस्ता ओलांडावा लागतो का ते विचारले.

मग पदराने तोंड पुसत ती म्हणाली, "अन् ह्याला घिऊन बसू देत्यात का वर्गात, ताई?"